सकाळी दोन, रात्री दोन : खान्देशच्या उन्हाला पुरेल एवढंच स्किनकेअर

पारोळ्याकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, रोज स्कूटीवरून अर्धा-पाऊण तास जाणं आणि तेवढंच येणं. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे, गालांवर जुन्या पिंपल्सचे काळे डाग. रील्स बघून फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, नायसिनमाइड, स्क्रब, नाइट क्रीम असं सगळं घेतलं आणि आता चेहरा जळजळतो. आई म्हणते, हे सगळं बाजूला ठेव आणि बेसन-हळद लाव. मैत्रिणीने मेडिकलमधली एक ट्यूब सुचवलीय, ‘आठ दिवसांत फरक पडतो’ म्हणून. महिन्याला 600 रुपयांच्या वर जायचं नाही. तर रोज कमीत कमी काय करू?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सकाळी साध्या पाण्याने तोंड धुवा, गाल ओढल्यासारखे वाटले तर हलकं मॉइश्चरायझर लावा आणि त्यावर सनस्क्रीन. संध्याकाळी घरी आल्यावर सौम्य फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. झालं. बाकीच्या बाटल्या कपाटात ठेवा. त्यातल्या एक-दोन पुढे कामी येतील. स्क्रब मात्र आजपासून बंद. आणि ती मैत्रिणीची ट्यूब घेऊ नका. त्यावर खाली सविस्तर लिहितो, कारण आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ओपीडीत चेहऱ्याची सगळ्यात जास्त वाट त्या एका ट्यूबने लावलेली दिसते.

चेहरा जळजळतो याचा अर्थ त्वचेचा सगळ्यात वरचा थर दुखावलाय. हा थर कागदापेक्षाही पातळ असतो. चपट्या मृत पेशी आणि त्यांच्यामध्ये भरलेली चरबी, एवढंच त्यात असतं. पण आतलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवायचा ही दोन्ही कामं तोच करतो. सकाळी फेसवॉश, दुपारी फेसवॉश, वर अल्कोहोलवालं टोनर, आठवड्यातून दोनदा स्क्रब, रात्री ॲसिडचं सीरम असं चाललं की ही चरबी धुऊन निघते. मग साधं पाणी लागलं तरी झोंबतं. गंमत म्हणजे बऱ्याच जणींना वाटतं, झोंबतंय म्हणजे औषध काम करतंय. तसं काही नसतं. तीन-चार आठवडे वरच्या चार गोष्टींपलीकडे काहीही लावू नका. खालच्या थरातली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण तेवढेच दिवस लागतात. कुठल्याही नव्या वस्तूचा गुण-अवगुणसुद्धा त्याआधी नीट कळत नाही, म्हणून दर आठवड्याला क्रीम बदलणाऱ्यांना कशाचाच फायदा होत नाही.

आता धुण्याबद्दल. आपल्याकडे धुणं म्हणजे घासणं, आणि साबणाचा फेस जेवढा जास्त तेवढं तोंड स्वच्छ, असा समज आहे. त्वचेचा पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा 9 ते 10, म्हणजे अगदी उलट टोक. त्यात गावोगाव बोअरचं पाणी. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना, ते क्षार साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतात आणि तो चेहऱ्यावरच राहतो. धुतल्यावर तोंड जे कर्रकर्र ओढल्यासारखं लागतं, त्याला आपण स्वच्छता समजतो. म्हणून चेहऱ्याला साबण नको. ‘सिंडेट बार’ म्हणून साबण नसलेली सौम्य वडी मिळते ती चालेल, किंवा सौम्य, कमी फेसाचा फेसवॉश. पाणी फारच जड असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. टँकरच्या दिवसांत एवढीही चैन जमणार नाही, तर राहू द्या.

करायचं कसं तेही सांगतो, कारण चूक इथेच होते. आधी हात धुवा. शाळेतून आल्यावर खडूची धूळ, स्कूटीचं हँडल, सगळं हाताला असतं. चेहरा ओला करा, हरभऱ्याएवढा फेसवॉश तळहातावर घेऊन थोड्या पाण्यात मोकळा करा आणि बोटांच्या पोटाने फिरवा. नाकाच्या दोन्ही बाजू, हनुवटीखाली आणि कपाळावर केस सुरू होतात ती रेघ, या जागा हमखास राहून जातात. केसांना तेल लावणाऱ्यांना कपाळाच्या त्याच रेघेवर बारीक पुटकुळ्या येतात, त्या तेलाच्याच असतात. अर्धा मिनिट पुरे. टॉवेल दाबून टिपा, ओढू नका, आणि चेहरा अजून थोडा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा. पार वाळल्यावर लावलं तर तेवढा फायदा होत नाही.

सकाळी फेसवॉश का नको? रात्रभर तुम्ही धुळीत नव्हता म्हणून. फारच तेलकट असेल तर सकाळीही चालेल, पण तुमचे गाल कोरडे आहेत, तेव्हा पाणीच बरं.

मॉइश्चरायझरवर मी फार बोलत नाही. तेलकट त्वचेला लागत नाही, हा गैरसमज सोडा. जेल किंवा पातळ लोशन घ्या, डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असेल तर उत्तम. आत ग्लिसरीन आणि सेरामाइड (त्वचेच्या वरच्या थरात असते तशी चरबी) असलं की झालं. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठच्या शेतांत भरिताच्या पार्ट्या रंगतात त्या दिवसांत हवा बोचरी कोरडी असते, तेव्हा गाल फुटतात. त्या दोन महिन्यांत रात्री जाडसर क्रीम किंवा कोरड्या जागेवर पेट्रोलियम जेलीचं बोट पुरतं. खोबरेल तेल अंगाला छान, चेहऱ्याला नको. ते छिद्रं बुजवतं आणि तुम्हाला आधीच पिंपल्स आहेत.

आता खरं महत्त्वाचं. पैसा मोजका असेल तर तो सनस्क्रीनवर घाला, बाकी सगळं स्वस्तात भागतं.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्वचेला काळं करतं ते अतिनील किरण, आणि ते पारा उतरला तरी असतात. डिसेंबरच्या गोड उन्हातही असतात, श्रावणाच्या ढगाळ दिवसातही. त्यातले यूव्हीए किरण काचेतून आरपार येतात. रोज एसटीत खिडकीशी एकाच बाजूला बसून अप-डाऊन करणाऱ्या माणसाचा एक गाल दुसऱ्यापेक्षा काळवंडलेला मी पाहिलाय. पिंपल्सचे डाग आणि वांग (गालांवर पसरणारा काळसर डाग), दोन्ही या उन्हानेच गडद होतात. तुम्ही रात्री हजार रुपयांचं सीरम लावलं आणि दिवसा उघड्या तोंडाने स्कूटी चालवली, तर डाग जिथल्या तिथे.

सनस्क्रीनचं बळ सांगणारा आकडा म्हणजे एसपीएफ; तो 30 पुरतो. नीट लावला तर तो यूव्हीबी किरणांपैकी (अतिनील किरणांचा दुसरा प्रकार) सुमारे 97 टक्के अडवतो, 50 वाला 98. म्हणजे 30 आणि 50 मध्ये फरक किरकोळ, 50 आणि 100 मध्ये त्याहून किरकोळ. सगळा खेळ ‘नीट लावला तर’ या शब्दांत आहे. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण लावतो त्याच्या पाव किंवा निम्मं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा, मान आणि कान मिळून तेवढं लागतं. रोज एकदाच लावलं तरी 50 ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आत-बाहेर संपली पाहिजे. तुमची सहा महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, नुसता वास घेता. खोक्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवणारं) आणि ‘PA’ या अक्षरांपुढे तीन तरी अधिकचिन्हं बघा; ती यूव्हीए किती अडतात ते सांगतात. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. सतत उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. तुम्ही वर्गात असता, तेव्हा सकाळी एकदा आणि परत निघण्याआधी एकदा, एवढं बास. ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलमध्ये आत भट्टी असते, औषध खराब होतं. व्हिटॅमिन सी सीरमचंही तेच: उष्णतेने आणि हवेने ते पिवळं, मग तपकिरी पडतं. तपकिरी झालेलं असेल तर टाकून द्या. पिवळसर-फिकट असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभराने बघू.

आणि स्टोल. आपल्याकडे पोरी डोळे सोडून सगळं तोंड बांधून गाडी चालवतात, बाहेरचे लोक हसतात. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. घट्ट विणीचं, गडद सुती कापड अनेक क्रीमपेक्षा चांगलं काम करतं आणि ते दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. फक्त एक करा. आठवडाभर वापरलेला स्टोल उजेडात धरून त्याची आतली घडी बघा: तेल, पावडर, धूळ, घामाचा पिवळा पट्टा. तो पट्टा रोज गालावर आणि हनुवटीवर घासला जातो आणि नेमके तिथेच पिंपल्स येतात. दोन स्टोल ठेवा, एक धुवायला, एक वापरायला. विरविरीत शिफॉनची ओढणी शोभेला ठीक, उन्हाला ती असून नसल्यासारखीच.

मार्च-एप्रिलमध्ये पापड, कुरडया, बिबड्यांची गडबड सुरू होते आणि बाया सकाळी सहापासून गच्चीवर असतात. पहाटे शिजवलेला घाटा, मग वाळत घालणं, मग कावळे-चिमण्या हाकत बसणं. ते आटोपलं की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे ओपीडीत रांग लागते : ‘डॉक्टर, मन्हं तोंड काळं पडी गयं.’ बहुतेक वेळा ते वांग असतं, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर नकाशासारखं. अशा बाईला मी मोठी चिठ्ठी देण्याआधी विचारतो की डोक्यावर फडकं होतं का, आणि चुलीपाशी किती वेळ होत्या; कारण नुसत्या धगीनेसुद्धा वांग वाढतं. वांग असणाऱ्यांनी साध्या सनस्क्रीनपेक्षा त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्यावं. साधं सनस्क्रीन डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवत नाही, आणि सावळ्या त्वचेत वांग त्यानेही वाढतं. तुमच्या आईंना असेल तर त्यांच्यासाठीही हेच.

आईंच्या बेसन-हळदीबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. सणावारी, लग्नाच्या हळदीला, कधीमधी जरूर लावा. अंघोळीला अंगाला तर उत्तमच. रोज चेहऱ्याला मात्र नको, कारण बेसन शेवटी घासून काढावं लागतं आणि तुमची त्वचा आत्ता घासणं सोसणारी नाही. मुलतानी मातीने तेल निघतं, पण कोरड्या गालांचं ती काही भलं करत नाही. लिंबू मात्र कधीच नाही. लिंबाच्या रसात असे पदार्थ असतात की ते त्वचेवर राहिले आणि ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे ओघळ राहतात. खान्देशच्या उन्हात लिंबू लावून बाहेर पडणं म्हणजे डाग विकत घेणं. खायचा सोडा आणि टूथपेस्ट यांचीही गरज नाही.

आता ती ट्यूब. ‘आठ दिवसांत फरक’ देणारी मेडिकलमधली क्रीम बहुधा तीन औषधांचं मिश्रण असते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. कल्पना जुनी आहे. क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी असं मिश्रण 1975 मध्ये मांडलं आणि वांगासाठी ठरावीक आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली, ते आजही वापरतात. घोळ होतो तो क्रीम गोरं करणारी म्हणून दोन-दोन वर्षं लावली की. पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळतो, गुळगुळीत होतो, शेजारणी विचारतात काय लावतेस. मग हळूहळू त्वचा पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, बारीक लव वाढते, पिंपल्स उसळतात, उन्हात गेलं की आग होते. घाबरून क्रीम बंद केली की काही दिवसांत तोंड लालभडक होऊन सुजतं, म्हणून बाई पुन्हा तीच लावते आणि अडकते. भारतात हे इतकं दिसतं की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं वेगळं नावच दिलंय. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते रोजच्या वापराचं क्रीम नव्हे. गजकर्णासाठी म्हणून मिळणाऱ्या कॉकटेल मलमांतही हेच असतं. खाज थांबते, गजकर्ण आतून पसरतं. ज्या डब्यावर घटकच लिहिलेले नाहीत, नुसता फोटो आणि परदेशी लिपी, त्यात पारा असू शकतो आणि पाऱ्याने मूत्रपिंड खराब होतं. घरात कुणी अशी स्टेरॉइडची क्रीम काही महिन्यांपासून लावत असेल तर एकदम बंद करू नये, डॉक्टरला दाखवून टप्प्याटप्प्याने सोडावी.

महिना झाला, जळजळ थांबली, की पिंपल्सच्या डागांसाठी एकच गोष्ट वाढवा. तुमच्याकडचं नायसिनमाइड 5 टक्क्यांच्या आसपास असेल तर रात्री मॉइश्चरायझरच्या आधी ते लावा. 10 टक्क्यांचं असेल आणि झोंबत असेल तर एक दिवसाआड. नवीन काहीही असो, आधी चार-पाच दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. पिंपल्स अजून येत असतील तर ॲडापलीन 0.1 टक्का हे जेल चांगलं आहे, पण ते चिठ्ठीनेच घ्यायचं: रात्री, वाटाण्याएवढं, साऱ्या चेहऱ्याला मिळून, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा सोलते, फरक दिसायला दोन-तीन महिने जातात आणि नेमकं मधेच लोक सोडून देतात. गरोदरपणात किंवा त्याचा विचार असताना ते लावायचं नाही; तेव्हा ॲझेलाइक ॲसिड चालतं. डाग नखाने खरवडू नका, आरशासमोर पिंपल फोडू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत प्रत्येक जखमेमागे काळा डाग राहतोच आणि तो जायला महिने लागतात.

हिशेब असा बसतो. सनस्क्रीन साधारण 300 ते 500 रुपयांना मिळतं, पण दिवसातून दोनदा लावलं की ट्यूब महिन्याच्या आतच संपते, म्हणून त्यातलं 300 च्या जवळचं घ्या. फेसवॉश दोन-अडीच महिने, मॉइश्चरायझरची मोठी बाटली तीन महिने. 600 च्या आत निभतं, आणि टोनर, नाइट क्रीम, शीट मास्क यांचे पैसे वाचतात. नाइट क्रीम म्हणजे बहुतेकदा महाग डब्यातलं मॉइश्चरायझरच असतं.

काही गोष्टी मात्र या रूटीनने जाणार नाहीत, त्या घेऊन घरी बसू नका. मान, काख काळी मखमलीसारखी जाड झाली असेल तर तो मळ नाही, घासून जाणार नाही. वजन आणि साखर तपासा, पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका दिसला तर चिकटवायची टिकली लगेच बंद करा. तिच्या गोंदातल्या रसायनाने त्वचेचा रंग जातो, लवकर सोडली तर परत येण्याची आशा असते. तीन महिने नीट सनस्क्रीन लावूनही डाग गडदच होत असतील तर तुमचं केसांचं तेल आणि डाय सोबत घेऊन दाखवायला या, कधीकधी गुन्हेगार तिथे असतो. आणि चेहऱ्यावर फिकट चट्टा असेल तर डोळे मिटून घ्या आणि घरच्या कुणाला तरी त्यावरून कापसाची वात फिरवायला सांगा. शाळेतल्या लहान मुलांच्या गालांवरचे फिकट चट्टे बहुतेक वेळा कोरडेपणाचे असतात आणि आपोआप जातात. पण स्पर्श कळत नसेल तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याची तपासणी आणि एमडीटीच्या (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या) गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.